सूतभर नाना

दीपनगरच्या वसाहतीत सकाळी सहाला फिरायला येणाऱ्यांची बोलण्याची एक रीत ठरलेली आहे. आधी रात्री लाइट गेली होती का हे विचारायचं (वीजकेंद्राच्या दारात राहणाऱ्यालाही हा प्रश्न पडतो), मग कालच्या उन्हाचा आकडा, मग केळीचा भाव आणि शेवटी शुगर. नाना या रांगेत बसत नाहीत. ते चार पावलं मागून येतात, मान खाली घालून. नवख्या माणसाला वाटतं, सज्जन आहे, जमिनीकडे बघून चालतो. ते जमिनीकडे बघत नसतात. पुढच्याच्या बुटांकडे बघत असतात.

माझी त्यांची पहिली ओळख अशीच पाठमोरी झाली. पाण्याच्या टाकीपर्यंत ते माझ्या मागे होते. तिथं गाठून म्हणाले, "भाऊ, राग नका मानू. तुमच्या उजव्या बुटापेक्षा डाव्याची टाच सूतभर उंच आहे."

मी थांबलो. खाली पाहिलं. दोन बूट होते, दोन्ही माझेच होते, आणि दोन्हींत पाय होते. एवढं जुळल्यावर आणखी काय पाहिजे?

"चालताना तर काही जाणवत नाही," मी म्हटलं.

"नाहीच जाणवणार," नाना म्हणाले. "बेअरिंगलापण आधी जाणवत नाही."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिलीमीटरला थोडं कमी. सुतार, गवंडी आणि फिटर सोडले तर हे माप आता फारसं कुणाच्या तोंडी नाही. नानांच्या तोंडी दुसरं काही नसतं. नातवाचा फोटो दाखवला की "कान सूतभर खालीवर आहेत, पण गोड आहे" म्हणतील. त्यामुळे वसाहतीत त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर राहिलं आणि माणूस सूतभर नाना झाला. सुतावरून स्वर्ग गाठणारे पुष्कळ पाहिले होते. सुतापाशीच थांबणारा हा पहिला.

नानांचं आयुष्य टर्बाइनच्या देखभालीत गेलं. इथल्या वीजकेंद्रात पहिला संच १९६८ साली सुरू झाला. पुढे २१० मेगावॅटचे संच आले, मग ५०० चे दोन, आणि आता ६६० चा. नाना २१० वाल्यांच्या पिढीतले. २००५ साली वीज मंडळाच्या कंपन्या झाल्या आणि पाटीवर 'महानिर्मिती' आलं, तरी ते अजून "मी बोर्डात होतो" असंच सांगतात. मी त्याच केंद्रात, पण लेखा विभागात. म्हणजे आम्ही वीस-पंचवीस वर्षं एकाच गेटातून आत गेलो आणि एकमेकांना ओळखत नव्हतो. त्यांच्याकडे आवाज होता, माझ्याकडे व्हाउचरं होती.

त्यांच्या कामाची गोष्ट ऐकली की त्यांच्या वेडाचं मूळ सापडतं. आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते, म्हणून टर्बाइनला मिनिटाला ३००० फेऱ्या माराव्या लागतात. एवढा टनावारी लोखंडी दांडा, तुकड्यातुकड्यांनी जोडलेला, सेकंदाला पन्नासदा फिरणार. दोन तुकड्यांची तोंडं जिथं जुळतात त्या कपलिंगमध्ये मिलीमीटरचे शंभर भाग करून त्यांतले दोन-चार चुकले, तरी दांडा थरथरतो, बेअरिंग तापतं आणि संच ट्रिप होतो. ओव्हरहॉलिंगच्या वेळी नाना डायल गेज लावून उकिडवे बसायचे, बेअरिंगच्या पायाखाली कागदासारखी पातळ पत्र्याची शिम सरकवायचे, पुन्हा बघायचे, शिम काढून अर्धी करायचे. तीन पाळ्या उलटायच्या. साहेब विचारायचे, "झालं का?" नाना म्हणायचे, "दिसतंय झाल्यासारखं." म्हणजे झालेलं नाही.

अशा माणसाला एके दिवशी नारळ, शाल आणि कुटुंबासह फोटो देऊन घरी पाठवलं. नजर ३००० फेऱ्यांची, आणि समोर काय? ताशी चार किलोमीटरने फिरणारे आम्ही.

निवृत्तीनंतर क्वार्टर सुटलं. नानांनी फेकरीच्या बाजूला प्लॉट घेऊन ठेवला होता, तिथं घर बांधलं. बांधणाऱ्या मिस्त्रीनं नंतर या भागात काम घेणं सोडलं असं म्हणतात. खिडक्या समोरासमोर, पडदे एका रेषेत, पायऱ्या पाण्याच्या नळीनं लेव्हल करून घेतलेल्या. वहिनींनी दारात ठिपक्यांची रांगोळी काढली की नाना चहाचा कप घेऊन ओट्यावर उभे राहतात. बोलत काही नाहीत. वहिनी एक दिवस चिडून म्हणाल्या, "सांगून टाका, कुठला ठिपका?" नाना म्हणाले, "तिसऱ्या ओळीतला पाचवा. पण राहू दे, रांगोळी फिरत नाही." हा त्यांनी केलेला सर्वांत मोठा त्याग.

सगळंच काही त्यांचं चुकत नाही, हेही सांगितलं पाहिजे. हिवाळ्यात आमच्या मंडळींची भरीत पार्टी असते. काट्यांवर वांगी भाजायची म्हटलं की नाना बाजारात पुढे. हिरवी, लांबोडकी वांगी ते एकेक करून तळहातावर तोलतात, जाडी बघतात आणि सगळी एका मापाची घेतात. भाजीवाली म्हणते, "नाना, पोरगी पाहायला आले का वांगं?" पण त्यांची वांगी एकदम भाजून निघतात. एक कच्चं, एक कोळसा, असं होत नाही. भरीत चाटूनपुसून खाल्लं जातं आणि नानांच्या वेडाला वर्षभराची मुदतवाढ मिळते.

लग्नात मात्र कठीण जातं. वरणगावच्या एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना नाना मांडवातून उठले आणि थेट चौरंगापर्यंत गेले. लोकांना वाटलं, वडीलधारा माणूस आहे, काही विधी राहिला असेल. भटजींनीही सूर खाली आणला. नानांनी नवरदेवाच्या मुंडावळ्यांची डावी लड हलकेच खाली ओढली, मागे सरून पाहिलं, पुन्हा किंचित ओढली आणि परत येऊन बसले. जेवताना कुणी तरी म्हणालं, "अगदी लक्ष्मीनारायणाचा जोडा आहे." मी भीतभीत नानांकडे पाहिलं. पोरगा ताडमाड, पोरगी त्याच्या खांद्याला लागत होती.

"जोडा चांगला आहे," नाना जिलबी मोडत म्हणाले. "उंचीचा फरक आहे, पण तो डिझाइनमधला आहे. मुंडावळीचा फरक डिझाइनमधला नव्हता."

तिथं मला पहिल्यांदा कळलं की या माणसाचं भांडण फरकाशी नाही. त्यांनीच मग समजावलं. टर्बाइन थंड असताना कपलिंग अगदी समोरासमोर लावत नाहीत. मुद्दाम खालीवर ठेवतात, कारण वाफ आली की लोखंड फुगतं, खांब उंचावतात, आणि मग ते रेषेत येतं. "किती खालीवर, ते कागदावर लिहिलेलं असतं भाऊ. लिहून ठेवलेला फरक म्हणजे हिशेब. न सांगता आलेला फरक म्हणजे बदमाशी."

आता बुटांकडे येतो, कारण नानांचं सारं तत्त्वज्ञान शेवटी पायात येऊन बसलं.

नोकरीत असताना त्यांना सेफ्टी शूज मिळायचे. पुढे पोलादी टोपी, २०० जूलचा दणका झेलणारी. नानांनी एक जोडी परत केली होती. परतीच्या अर्जात 'कारण' या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: "दोन्ही नग वेगवेगळे उत्तम आहेत. जोडी म्हणून नापास." तो अर्ज फिरत फिरत माझ्या टेबलावर आला होता. मी त्यावर शेरा काय मारावा या विचारात दोन दिवस घालवले, आणि तिसऱ्या दिवशी वरच्या टेबलावर पाठवला. सरकारी कामात ही शिमच समजा.

निवृत्तीनंतर डॉक्टरांनी शुगर पाहून रोज पाऊण तास चालायला सांगितलं, आणि पुण्याच्या मुलानं फोनवर बजावलं, "नाना, चप्पल घालून फिरू नका, चांगले स्नीकर्स घ्या." झालं. इथून पुढे भुसावळच्या बाजारपेठेतल्या एका दुकानदाराच्या साडेसातीला सुरुवात होते. त्याचं आणि कंपनीचं नाव मी सांगत नाही. बिचाऱ्यांनी पुष्कळ सोसलं आहे.

नाना बूट घ्यायला संध्याकाळीच जातात. दिवसभर उभं राहून, चालून पाय किंचित सुजतो, म्हणून सकाळी घेतलेला बूट संध्याकाळी चावतो. हे त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. त्यांच्या पिशवीत व्हर्नियर कॅलिपर, एक पोस्टकार्ड, ओळंब्याची दोरी आणि वहिनींचा वजनकाटा असतो. दुकानात गेल्यावर ते आधी काउंटरची काच तपासतात. पोस्टकार्ड काचेखाली दुमडून घालतात, काच सपाट झाली की मग तिच्यावर बूट ठेवतात. दोन्ही टाचा भिंतीला. मग वाकून, एक डोळा मिटून बघतात. तेवढ्यात दुकानातलं इतर गिऱ्हाईक हळूहळू त्यांच्यामागे गोळा होतं आणि तेही एक डोळा मिटतं.

"शेठ, डाव्याची नाडीची भोकं सहा, उजव्याची सहा. इथपर्यंत ठीक आहे."

"मग घेऊन टाका ना काका."

"पण डाव्यावरची ही कंपनीची खूण टाचेपासून अठ्ठ्याऐंशी मिलीमीटरवर आहे आणि उजव्यावरची ब्याण्णववर. जीभ डावीकडे कलली आहे. वजनात अकरा ग्रॅमचा फरक. आणि लांबीत सूतभर."

"काका, सूतभर म्हणजे काहीच नाही."

हे वाक्य नानांसमोर बोलायचं नसतं. ते खुर्चीवर बसले. "शेठ, बुटाचा एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा. साडेआठ मिलीमीटर. सूत म्हणजे तीनच्या वर. दोन्हींवर आठ नंबर छापला आहे, पण एक आठ आहे आणि दुसरा साडेसात आणि आठच्या मधे लोंबकळतोय. तुम्ही मला दोन नंबर एका नंबरच्या भावात देऊ राहिले."

"मग फायदा तुमचाच झाला ना!" शेठ म्हणाला. धंद्यात मुरलेला माणूस.

हे असं का होतं, याचा नानांनी अभ्यास केला आहे. कारखाना त्यांनी पाहिलेला नाही, पण बूट उसवून पाहिले आहेत, आणि फिटरला तेवढं पुरतं. कापडाचे थर एकावर एक रचून धारदार साच्यानं एका दाबात कापतात. दाबताना खालचा थर सरकला की खालचा तुकडा वेगळा. डाव्याचे तुकडे शिवणारी बाई एक, उजव्याचे शिवणारी दुसरी. कंपनीची खूण कापड सपाट असतानाच शिवून होते, आणि मग ते कापड गरम करून लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या पायावर ताणतात. त्याला फर्मा म्हणतात. डावा जरा जास्त ताणला गेला की खूण खाली उतरली. तळाचा तो हलका फोम तर साच्यातून निघताच लाहीसारखा फुगतो आणि थंड होताना आकसतो. सकाळच्या घाण्यातला डावा आणि दुपारच्या घाण्यातला उजवा एका डब्यात आले, की झाली जोडी.

"म्हणजे यांचं लग्न डब्यात लागतं भाऊ," नाना म्हणाले. "आधी पाहिलेलं नसतं एकमेकांना."

मी म्हटलं, "आपल्या वेळेला आपलं तरी काय होतं?"

वहिनी आतून हसल्याचं ऐकू आलं. नाना हसले नाहीत, पण त्यांनी विषय बदलला.

त्यांना गप्प करावं म्हणून मी एकदा वाचून गेलो होतो. सांगितलं, की दोनशे वर्षांपूर्वीपर्यंत युरोपातसुद्धा बहुतेक बूट एकाच सरळ फर्म्यावर करायचे. डावा-उजवा भेदच नव्हता. कुठलाही कुठल्याही पायात घाला. मला वाटलं, नाना या स्वर्गात रमतील. ते विचारात पडले. मग म्हणाले, "म्हणजे दोन्ही बूट सारखे, आणि दोन्ही चुकीचे." हा माणूस स्वर्गातही पोस्टकार्ड घेऊन जाणार.

मग मी दुसरा डाव टाकला. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ मध्ये देशात ७९ ठिकाणी एक लाखावर लोकांचे पाय यंत्रानं मोजले. निष्कर्ष असा, की आपले पाय पंजाशी रुंद आहेत आणि आपण रुंदी मिळावी म्हणून लांबी जास्तीची घेतो. विलायती नंबर सोडून भारतीय पायांसाठी वेगळी मापं काढली, त्यांना नाव दिलं 'भा'. ही बातमी नानांनी दोनदा वाचली. चष्मा पुसला. त्यांचा चेहरा उजळला होता. इतक्या वर्षांनी सरकारनं त्यांचं ऐकलं होतं. मग त्यांनी विचारलं:

"डावा मोजला का उजवा?"

मला ते माहीत नव्हतं. नाना त्या रात्री नीट झोपले नाहीत असं वहिनी सांगत होत्या.

तुम्हाला वाटेल, या माणसाचे स्वतःचे पाय कधी कुणी मोजले का? मलाही वाटलं होतं, आणि मी मनात जय्यत तयारी करून विचारलं होतं. बहुतेकांचे दोन पाय सारखे नसतात, एक किंचित मोठा असतोच. नानांनी शांतपणे सांगितलं, "माझा डावा मोठा आहे. दीड सूत. १९८६ पासून माहीत आहे. तो वरच्याच्या ड्रॉइंगमधला फरक आहे, त्याला मी काय बोलणार? डाव्याच्या मापाचा बूट घ्यायचा आणि उजव्यात शिम टाकायची." त्यांनी उजवा बूट काढून दाखवला. आत लग्नपत्रिकेचा जाड कागद पायाच्या आकारात कापून बसवला होता. त्यावर 'आमचे येथे श्रीकृपेकरून' एवढं वाचता येत होतं.

माझा डाव असा कागदावरच राहिला.

मी हे सगळं हसत सांगतो, पण एक कबुली द्यायला हवी. मार्च अखेरीला एकदा आमच्या ताळेबंदात सदतीस पैशांचा फरक येत होता. साहेब म्हणाले, "खिशातून घाला." मी दोन रात्री बसून तो फरक शोधला. एका व्हाउचरवर सातचा एक वाचला गेला होता आणि दुसरीकडे त्याच्या उलट काही तरी झालं होतं. सापडल्यावर रात्री दोन वाजता मला जो आनंद झाला तो मुलाच्या दहावीच्या निकालाला झाला नाही. त्यामुळे नाना एक डोळा मिटून वाकले की मी हसणाऱ्यांच्या रांगेत उभा राहतो, पण शेवटच्या टोकाला.

तर गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास शेठचा निरोप आला. नवा माल आला होता. आता शेठ स्वतःच निरोप पाठवतो, म्हणतो, काका येऊन गेले की मालात काय आहे ते मला कळतं. नानांसोबत पिशवी धरायला मी गेलो. आठ नंबरचे नऊ डबे उघडले. अठरा बूट काचेवर रांगेत, शाळेत कवायतीला उभे केल्यासारखे. नाना दीड तास वाकून होते. शेठनं दोनदा चहा मागवला. शेवटी नाना सरळ झाले, कमरेवर हात ठेवून. तिसऱ्या डब्यातला डावा आणि सातव्या डब्यातला उजवा. खूण समोरासमोर, वजन ग्रॅमला ग्रॅम, टाचा एका रेषेत. मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा तो शब्द ऐकला.

"झालं."

शेठनं हात जोडले. पण आता तिसऱ्याचा उजवा आणि सातव्याचा डावा उरले. विधुर आणि विधवा. शेठनं ते एका डब्यात घातले आणि माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, तुमचा नंबर आठच ना? दोनशे कमी द्या."

लेखा विभागातला माणूस दोनशे रुपये सोडत नाही. मी डबा घेतला. नानांचं तोंड उघडलं.

"भाऊ, यात किती फरक आहे सांगू का?"

"नका सांगू."

नानांनी तोंड मिटलं. कष्ट पडले, ते दिसत होतं. रिक्षात ते फेकरीपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत.

तेव्हापासून मी त्याच बुटांत फिरतो आहे. चांगले आहेत. चावत नाहीत, घसरत नाहीत. फक्त मागून पावलं ऐकू आली की मला डावी टाच जड वाटू लागते. नाना मागे असतात. त्यांना आकडा माहीत आहे. ते सांगत नाहीत, कारण मी नको म्हटलं आहे, आणि कबूल केलेला फरक त्यांना पचतो.

हे सहन होईना म्हणून एके दिवशी मी नाडी बांधण्याच्या निमित्तानं थांबलो, त्यांना पुढे जाऊ दिलं, आणि मान खाली घालून त्यांच्या मागे चालू लागलो. पाण्याच्या टाकीपर्यंत गेलो तोवर मला दिसलं. अठरांतून निवडलेल्या त्या जोडीतली उजवी टाच बाहेरच्या अंगानं घासली होती. डावी नव्हती. नाना उजव्या पायावर कलून चालतात. टर्बाइनशी उकिडवं बसून बसून गुडघा गेला असावा. फरक चांगला सूतभर होता, मला व्हर्नियर लागलं नाही.

मी काही बोललो नाही.

पण नाना जुने फिटर आहेत. मागून येणाऱ्याची नजर कुठं आहे ते त्यांना पाठीनं कळतं. ते थांबले. वळून माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या टाचेकडे, मग माझ्या बुटांकडे.

"चला भाऊ, तुम्ही व्हा पुढे," ते म्हणाले.

"छे छे, तुम्ही मोठे. तुम्ही पुढे."

"नाही, तुम्ही."

केंद्राच्या चिमण्यांमधून धूर सरळ वर जात होता. मागून फिरणारी मंडळी आली, आम्हाला वळसा घालून पुढे गेली. कुणी तरी ओरडलं, "काय करू राहिले नाना? आज सूत सापडत नाही का?"

शेवटी दोघंही खांद्याला खांदा लावून चालू लागलो. रस्ता तेवढा रुंद आहे.